सात ओंडके, आठ जागा

वीस ऑक्टोबर दोन हजार सात रोजी, शनिवारी, दुपारी पावणेचारच्या सुमाराला अनुपचा धाकटा भाऊ वरद गॅस फायर साफ करता करता कमी झाला.

असं काही झालं नाही. अनुपला धाकटा भाऊ नाही. घरातल्या तिघांना वेगवेगळं बसवून विचारा, तिघंही हेच सांगतील, आणि तिघंही खोटं बोलणारी माणसं नव्हेत. तेव्हा वरचं वाक्य खोडलेलं आहे असं समजावं. आपला विषय गॅस फायरची स्वच्छता आणि निगा, हा आहे.

लंडनच्या कडेला पिनरमधलं ते घर शशिधरकाकांचं. काका स्वतः एजवेअरला राहत. चौऱ्याहत्तर साली इंग्लंडात आलेले, आणि भाडेकरू मराठी असला की घराबरोबर सल्ले फुकट देणारे. घर तीन बेडरूमचं, एका अंगाने शेजाऱ्याला चिकटलेलं. मागे लांबट बाग आणि बागेत एक सफरचंदाचं झाड, ज्याची सफरचंदं फक्त गोगलगायी खात. घर गरम करायला बॉयलर होता, पण त्याचा स्वभाव सरकारी होता. मनात आलं तर तासभर काम करायचा आणि मग गुरगुरून गप्प बसायचा. त्यामुळे घरातली खरी ऊब होती बैठकीच्या खोलीतल्या गॅस फायरची.

ही फायर म्हणजे लबाडीचा उत्तम नमुना. लोखंडी जाळीत जाडजूड ओंडके रचलेले. त्यांना साल, गाठी, कुऱ्हाडीचे घाव, एका जागी तर किड्याने पोखरल्यासारखी बारीक भोकंसुद्धा. आणि सगळं सिरॅमिकचं. कळ फिरवली की टक्, टक्, टक् होऊन खालून गॅस पेटायचा, ओंडके लाल व्हायचे, ज्वाळा नाचायच्या आणि जळायचं काहीच नाही. धूर नाही, राख नाही.

अनुपची आई श्यामलाबाई सहा महिन्यांच्या व्हिसावर नागपूरहून आल्या, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी त्यांनी त्या फायरकडे बराच वेळ पाहिलं. चाळीस वर्षं शाळेत घालवलेली बाई. मुलगा कॉपी करतोय हे पाठीमागूनही ओळखायच्या.

"बाप्पा! एवढं पेटतंय आणि संपत काहीच नाही. मग हे खातं काय?"

"गॅस, आई," अनुप म्हणाला.

"गॅसनी कुणाचं पोट भरलंय?" वरद म्हणाला.

वरद साउथॅम्प्टनला एमएस्सी करून सप्टेंबरात भावाकडे आला होता. सगळ्यात लहान बेडरूममध्ये जमिनीवर गादी टाकून झोपायचा, दिवसाला पाच ठिकाणी सीव्ही पाठवायचा आणि सहाव्या वेळी स्वयंपाकघरात येऊन विनोद करायचा. अनुप एकतीस वर्षांचा, हॅरोमधल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर. टेस्टर असल्यामुळे तो जगाकडे दोन रकान्यांतून पाहायचा: काय व्हायला हवं होतं, आणि काय झालं. त्याची बायको वैभवी जवळच्या शाळेत मुलांना वाचायला शिकवण्यात मदत करायची, आणि घरी या दोन भावांचं ऐकून घ्यायची.

तर त्या शनिवारी खंडेनवमी होती. नागपुरात या दिवशी कात्री, विळी, पाना, स्कूटर, जे काही हत्यार म्हणावं असं असेल ते पुसून मांडायचं आणि पूजायचं. पिनरमध्ये हत्यारं फारशी नव्हती. श्यामलाबाईंनी सकाळपासून इस्त्री, मिक्सर, दोन लॅपटॉप, व्हॅक्यूम क्लीनर आणि दारातली जुनी गाडी, सगळ्यांना कुंकू लावलं. यात त्यांचा नियम पक्का होता. वस्तूला गोल ठिपका. पुरुषाला कपाळावर खालून वर ओढलेलं उभं बोट आणि त्यावर दोन अक्षता. या बाबतीत त्यांच्या हातून आयुष्यात कधी गफलत झालेली नव्हती.

"आता ही," त्या फायरपुढे येऊन म्हणाल्या. "घरातली सगळ्यात कामाची ही आणि सगळ्यात घाण पण हीच. आधी साफ करा, मग पूजा."

"आई, हिला वर्षातून एकदा रीतसर इंजिनियर बोलवावा लागतो," अनुप म्हणाला.

"घरात दोन इंजिनियर बसून आहेत की."

"एक बसून आहे," वैभवी म्हणाली. "दुसरा लोळतोय."

"वहिनी, मी लोळत नाहीये," वरद सोफ्याच्या डाव्या टोकावरून म्हणाला. ती त्याची ठरलेली जागा. "मी नोकऱ्यांचा बाजार उघडायची वाट बघतोय."

टीव्हीखालच्या खणात फायरची माहितीपुस्तिका सापडली. बारा पानं. अनुपने ती मोठ्याने वाचली. गॅस बंद करावा. सर्व भाग पूर्ण थंड होऊ द्यावेत. ओंडके एकेक करून, नकाशातल्या अक्षरांच्या क्रमाने काढावेत. मऊ ब्रशने झटकावेत. व्हॅक्यूम लावू नये, पाणी लावू नये. परत ठेवताना प्रत्येक ओंडका आपल्याच जागी बसवावा, कारण जागा चुकल्यास काजळी धरते आणि विषारी वायू तयार होतो. शेवटची सूचना ठळक छापलेली होती. नकाशातली कोणतीही जागा रिकामी ठेवून फायर पेटवू नये.

मग दोघा भावांनी जुनी चादर अंथरली. ओंडके दिसायला मणाचे आणि उचलायला हलके, शिळ्या टोस्टसारखे. वैभवीच्या रंगकामाच्या ब्रशने अनुप एकेक झटकत गेला आणि वरद चादरीवर मांडत गेला. खालच्या बर्नरच्या भोकांत धूळ होती, एक मेलेली माशी होती आणि हिरव्या रंगाची केसांची पिन होती. पिन वैभवीची नव्हती. ती डस्टबिनमध्ये गेली.

"ए, बी, सी, डी, ई, एफ, जी," वरदने मोजलं. "एच कुठेय?"

नकाशात आठ जागा होत्या. चादरीवर सात ओंडके होते. सोफ्याखाली पाहिलं, पडद्यामागे पाहिलं. अनुपने शशिधरकाकांना फोन लावला.

"सातच आहेत रे," काका म्हणाले. "मी स्वतः मोजून यादीत लिहिलंय. नकाशात पण सातच जागा आहेत."

"आठ आहेत, काका. माझ्या हातात आहे नकाशा."

मागे त्यांचा टीव्ही चालू होता, क्रिकेट लागलं होतं. "चष्म्याचा नंबर बघून घे," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

"एक जागा रिकामी ठेवून पेटवायचं नाही म्हणतात," अनुप म्हणाला. "सोमवारी कंपनीला विचारतो."

"सोमवारपर्यंत काय गारठून मरायचं?" श्यामलाबाई उठल्या. "रिकाम्या जागेत काय ठेवतात ते पण आता मी सांगायचं का? तुझे बाबा गडचिरोलीला बदलीवर होते, तेव्हा सत्यनारायणाला मी एकटी बसले. शेजारी त्यांच्या जागी सुपारी ठेवली होती. नसलेल्याच्या जागी सुपारी. देवाने काही तक्रार केली नाही."

"देवाने बाबांचा फोटो मागितला नाही?" वरद म्हणाला. "इथले बँकवाले तर दोन प्रूफ मागतात."

सुपारी आली. नागपूरची, लहान, करकरीत. श्यामलाबाईंनी ती आठव्या जागेत ठेवली, तिच्यावर दोन अक्षता टाकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "ये, बस इथे." मग सातही ओंडक्यांना एकेक गोल ठिपका लावला. मग माणसांची पाळी. अनुपने कॅमेरा टीव्हीवर ठेवून टायमर लावला. तीन माणसांच्या सोफ्यावर चौघं दाटीवाटीने बसली आणि श्यामलाबाई वरदच्या कपाळावर बोट ओढत असतानाच फ्लॅश उडाला.

"आता पेटव," त्या म्हणाल्या. "दोन मिनिटं पेटलेली बघू, मग सुपारी काढून घेऊ."

वरद फायरपुढे उकिडवा बसला. "दादा, ही हलतेय. मी धरतो. तू पेटव."

"हात काढ."

"काढतो रे. तू पेटव तर."

अनुपने कळ फिरवली. टक्. टक्. टक्.

फायर पेटली. तिघांनीही टाळ्या वाजवल्या.

साफ केल्यामुळे ज्वाळा पिवळ्याधमक आणि उंच येत होत्या, आणि आठही ओंडके सुरेख लाल झाले होते. वैभवी चहा घेऊन आली. सोफ्याच्या डाव्या टोकाला बसता बसता ती दचकून उठली.

"आई, ही सुपारी इथे का ठेवलीत?"

"मी कशाला ठेवू?" श्यामलाबाईंनी पाहिलं. "असू दे. पूजेतली असेल."

सुपारी तिथेच राहिली. ती उचलून ठेवायला कुणाचीच हरकत नव्हती. फक्त कुणी उचलली नाही. तिघंही उजवीकडे सरकून बसली आणि पुढे तशीच बसू लागली.

संध्याकाळी वैभवीने श्रीखंड-पुरीची चार पानं घेतली. चौथं परत ठेवताना म्हणाली, "आज माझं लक्षच नाही." दुसऱ्या दिवशी दसऱ्याला पुन्हा चार घेतली. मग दोन्ही वेळा चारच घेऊ लागली आणि एक परत ठेवू लागली. माणसाला सवयी लागतात. बाथरूममध्ये चार ब्रश होते. निळा कुणाचा यावर चर्चा झाली आणि तो बूट पुसायला ठेवायचा ठरला.

मंगळवारी अनुप कामासाठी जास्तीचं टेबल ठेवता येईल का म्हणून लहान बेडरूममध्ये गेला. जमिनीवर गादी होती. चुरगळलेली रजई होती, एका बाजूने उघडलेली, कुणी नुकतंच पाय काढून घेतल्यासारखी. खिडकीत अर्धा कप चहा होता. शशिधरकाकांचं सामान, असं म्हणून तो वळणार होता, तेवढ्यात त्याला कागदांचा गठ्ठा दिसला. एकाच सीव्हीच्या चाळीसेक प्रती. नाव वरद. आडनाव अनुपचंच. गाव नागपूर, शाळा अनुपचीच. सध्याचा पत्ता या घराचा.

त्याने तो नीट वाचला. चांगला सीव्ही होता, फाँट तेवढा वाईट होता. त्याला काही वाटलं नाही.

त्याने तो खाली आईला दाखवला. श्यामलाबाईंनी चष्मा लावून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, पेपर तपासावा तसा.

"मुलगा हुशार दिसतो," त्या म्हणाल्या. "कुणाचा आहे?"

त्यानंतर अनुपने टेस्टर करतो ते केलं. कोरी वही काढली आणि मध्ये उभी रेघ मारली. डावीकडे काकांच्या सामानाच्या यादीतले आणि आठवणीतले सात ओंडके, उजवीकडे फायरमधले आठ. डावीकडे तीन माणसं, उजवीकडे चार ब्रश, चार गाद्या, चार मग, दाराशी चार जोड बूट, त्यातला एक दहा नंबरचा. अनुपचा पाय आठचा आहे.

गुरुवारी त्याने रीतसर परवान्याचा गॅस इंजिनियर बोलावला. इंजिनियर मोठा सालस इंग्रज होता, घरात येताना बुटांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवून आला. त्याने गळती तपासली, धूर वर ओढला जातो का ते तपासलं, विषारी वायूचा अलार्म दाबून पाहिला. आकडा शून्य. नकाशा धरून ओंडके मोजले. आठ. सगळं उत्तम आहे, म्हणाला. सही करताना मात्र त्याने आठव्या ओंडक्यावर तळवा ठेवला, उचलला आणि पुन्हा ठेवला.

"आज पेटवली होती का?"

"नाही. सकाळपासून बंद आहे."

त्याने हात पँटला पुसला, चहा नको म्हणाला आणि गेला.

तो गेल्यावर अनुपने आईच्या औषधांच्या पिशवीतून थर्मामीटर आणला. सात ओंडके खोलीइतके गार होते. आठव्याच्या गाठीत त्याने थर्मामीटर टेकवून ठेवला. छत्तीस पूर्णांक आठ सेल्सियस, अंगाचं असतं तेवढं.

मग तो वाकला आणि त्याने पहिल्यांदाच आठव्या ओंडक्याची पुढची बाजू नीट पाहिली. सातांवर गोल ठिपके होते, तापून काळपट झालेले. आठव्यावर कुंकवाचं उभं बोट होतं, खालून वर ओढलेलं, ताजं. त्यावर दोन अक्षता. पाच दिवस रोज संध्याकाळी फायर पेटत होती. तांदूळ पांढरेशुभ्र होते.

"वैभवी," त्याने हाक मारली. "कॅमेरा आण."

फोटोत सोफ्यावर तिघं होती, तिघंही उजवीकडे दाबून बसलेली. अनुप आणि वैभवी हसत होते, कुणीतरी आत्ताच काही बोललं असावं तसे. श्यामलाबाई डावीकडे वळल्या होत्या. त्यांचा हात समोर उचललेला होता, बोट कुंकवाने भरलेलं, आणि ते हवेत टेकलेलं होतं. टेकलेलंच. बोटाचं टोक दाबून चपटं झालेलं स्पष्ट दिसत होतं.

वैभवीने फोटो मोठा करून ते बोट पाहिलं.

"आपल्याकडे एक माणूस होता," अनुप म्हणाला.

"कोण?"

"माझा भाऊ."

"तुला आठवतो?"

"नाही."

"मग?"

"पुरावा आहे."

तिने कॅमेरा बंद केला. "वाईट वाटतंय?"

अनुपने प्रामाणिकपणे विचार केला. दात भूल देऊन काढल्यावर जीभ त्या जागी जाते आणि तिथे काहीच नसतं, दुखणंसुद्धा नसतं, तसं होतं. "वाटायला हवं," तो म्हणाला. "सख्खा भाऊ आहे. त्याला परत आणायला हवं. मग वाटेल."

त्याने शशिधरकाकांना पुन्हा फोन केला. आमच्या आधी इथे कोण राहत होतं, विचारलं.

"एक मुलगी होती, मराठीच. वैजयंती नाव. एकटी." काकांना आठवून हसू आलं. "एवढं तीन बेडरूमचं घर, आणि एकटीच राहायची. मी म्हटलं, अगं, कशाला घेतलंस एवढं मोठं? तर म्हणाली, मलाही तेच कळत नाही, काका."

"ती कुठे गेली?"

"कुठे म्हणजे? गेली असेल कुठेतरी. सामान पण न्यायला आली नाही." टीव्हीचा आवाज कमी झाला. "ओंडके किती म्हणालास?"

"आठ."

"हां. आठच आहेत," काका म्हणाले. "मी स्वतः मोजून यादीत लिहिलंय."

श्यामलाबाईंना सगळं सांगायला पुढचे दोन दिवस गेले. त्यांनी वही पाहिली, फोटो पाहिला. रडल्या नाहीत. पुन्हा सीव्ही वाचला आणि म्हणाल्या, "मला दोन मुलं आहेत हे मला कागदावरून कळावं?" मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "चूक माझी आहे. 'ये, बस' म्हटलं मी, आणि निरोप कुणी दिला नाही. बसवलेल्याला उठवावं लागतं. उत्तरपूजा राहिली."

रविवारी, अठ्ठावीस तारखेला, इथल्या हिवाळी नियमाप्रमाणे घड्याळं तासभर मागे गेली होती. साडेचारलाच बागेतलं झाड दिसेनासं होत होतं. बॉयलरने सकाळपासून काही ऐकलं नव्हतं. फायर बंद होती. अनुपने आठवा ओंडका दोन्ही हातांनी उचलला. बाकीच्या ओंडक्यांसारखा तो हलका नव्हता. त्याने तो सोफ्याच्या डाव्या टोकाला ठेवला, सुपारीच्या शेजारी.

श्यामलाबाईंनी त्याच्यावर अक्षता टाकल्या. सीव्हीत बघून नाव घेतलं.

"वरद. झालं आता. ऊठ."

तिघं वाट पाहत उभी राहिली. रस्त्यावरून एक बस गेली.

"ऊठ, बाळा," त्या म्हणाल्या.

काही झालं नाही. अनुपने थर्मामीटर लावला. छत्तीस एक.

त्यांनी पुन्हा नाव घेतलं. अनुपने पुन्हा लावला. पस्तीस चार. खोलीत श्वासाची वाफ दिसत होती.

श्यामलाबाई सोफ्याशी खाली बसल्या आणि त्यांनी ओंडक्यावर दोन्ही तळवे ठेवले. त्यांचा चेहरा बदलला. फार नाही. वर्गात हजेरी घेताना एखाद्या नावाशी अडखळावं, इतका.

"हा रडायचा नाही रे," त्या म्हणाल्या. "पडला की आधी हसायचा. मग आपण हसलो की रडायचा."

"तुम्हाला आठवतंय, आई?" वैभवीने विचारलं.

"हाताला आठवतंय."

"चौतीस," अनुप म्हणाला.

"गार पडतोय तो!" त्या ओरडल्या. "ठेव परत. आत ठेव त्याला. पेटव!"

अनुपने ओंडका उचलून जाळीत बसवला. वैभवीने पुस्तिका उघडली, जागा बरोबर आहे का ते पाहायला.

"अनुप," ती म्हणाली. "नकाशात नऊ जागा आहेत."

"आठ."

"नऊ."

नऊ होत्या. नववी आठवीला लागूनच होती. खाली ठळक अक्षरात तीच सूचना होती.

"वाद नका घालू," श्यामलाबाई म्हणाल्या. त्यांनी सोफ्यावरची सुपारी उचलली, नवव्या जागेत ठेवली आणि फायरपुढे उकिडव्या बसल्या. "मुलगा गारठतोय. पेटव आधी."

अनुपचा हात कळीवर गेला.

"थांब," त्या म्हणाल्या. "ही हलतेय. मी धरते. तू पेटव."

टक्.

टक्.

टक्.

फायर पेटली. अनुप आणि वैभवीने एकमेकांकडे पाहिलं आणि दोघंही सोफ्यावर बसली, उजवीकडे सरकून.

डावीकडे दोन सुपाऱ्या होत्या.

श्यामलाबाई नावाच्या कुणा व्यक्तीचा वर उल्लेख आला असेल, तर तोही खोडलेला समजावा. आता फक्त पत्र राहिलं. ते अनुपने नोव्हेंबरच्या पंधरा तारखेला फायरच्या कंपनीला टाइप करून पाठवलं. मूळ इंग्रजीत आहे. मराठीत साधारण असं:

"महोदय,

आपली गॅस फायर आम्ही आपल्या पुस्तिकेनुसार साफ केली असून तिच्याविषयी आमची तक्रार नाही. ऊब उत्तम येते.

घरातील व्यक्ती: दोन. ओंडके: नऊ. नकाशातील जागा: दहा.

माझ्या वहीत असलेल्या नोंदींनुसार घरात पूर्वी आणखी माणसं असावीत. त्यांच्या वस्तू (पुरुषाचे दहा नंबरचे बूट, बारा सुती साड्या, रक्तदाबाच्या गोळ्या, नागपूरचं जानेवारीचं परतीचं तिकीट) आम्ही जपून ठेवल्या आहेत. आठवा आणि नववा ओंडका फायर बंद असतानाही कोमट असतात. आपल्या नकाशात नववा ओंडका आठव्यावर आडवा, हात टाकून झोपावं तसा दाखवला आहे. आम्ही तो तसाच ठेवतो. वेगळा ठेवून पाहिला, तर दोन्हींचं तापमान उतरतं.

आमचा बॉयलर आता कायमचा बंद पडला आहे. रोज सकाळी गवतावर बर्फ असतं. फायर पेटवल्याखेरीज हे दोन ओंडके गरम राहणार नाहीत, आणि आपल्या सूचनेप्रमाणे दहावी जागा रिकामी ठेवून ती पेटवता येत नाही. दहाव्या जागेत सुपारी ठेवून पाहिली. ती हलते. कुणीतरी धरावी लागते.

तरी विनंती, की नकाशातली दहावी जागा आपण आपल्या अधिकारात रद्द करावी आणि तसं सही-शिक्क्यानिशी कळवावं. ते नियमात बसत नसल्यास, सुपारी आम्हा दोघांपैकी कुणी धरायची, याबाबत चौदा दिवसांच्या आत लेखी मार्गदर्शन व्हावं. उत्तर दोघांच्याही नावे पाठवावं, म्हणजे मागे जो राहील त्याला पाकिटावर दुसरं नाव वाचता येईल.

आपले विश्वासू."